वरून आलेले आकडे

३० जानेवारी १९३४. मॉस्कोत कम्युनिस्ट पक्षाची सतरावी काँग्रेस भरली होती. ऐन हिवाळ्यात, त्या सकाळी मॉस्कोजवळून ‘ओसोआविआखिम-१’ नावाचा प्रचंड बलून वर सुटला. त्याला टांगलेल्या बंदिस्त, गोलाकार गोंडोल्यात तिघे जण होते: कप्तान पावेल फेदोसेयेन्को, अभियंता आंद्रेई वासेन्को आणि इल्या उसिस्किन नावाचा २३ वर्षांचा भौतिकशास्त्रज्ञ. चारच महिन्यांपूर्वी ‘यूएसएसआर-१’ या सोव्हिएत बलूनने १९ किलोमीटरची उंची गाठली होती. आता पक्षाच्या काँग्रेसला त्याहून मोठा विक्रम नजर करायचा होता. बलून २२ किलोमीटरवर गेला, विक्रम झाला, आणि परत येताना घात झाला. वर उन्हाने तापून फुगलेला हायड्रोजन बाहेर पडून गेला होता. खाली येताना उरलेला वायू थंड होऊन आक्रसला, बलूनला उचलून धरण्याचं बळ उरलं नाही, वेग वाढत गेला, दोर तुटले आणि गोंडोला सुटून मोर्दोव्हियातल्या एका खेड्याजवळ आदळला. तिघेही जागीच गेले.

त्यांच्या अस्थी क्रेमलिनच्या भिंतीत ठेवल्या गेल्या आणि अस्थिकलश वाहणाऱ्यांत खुद्द स्टालिन होता. विक्रमवीर म्हणून त्यांची नावं रस्त्यांना दिली गेली. उसिस्किन मात्र विक्रमासाठी गेला नव्हता. लेनिनग्राडच्या इयॉफे यांच्या भौतिकशास्त्र संस्थेतला हा तरुण विश्वकिरण मोजण्यासाठी बलूनमध्ये बसला होता. बरोबर नेता येतील अशी हलकी उपकरणं तयार करण्यात त्याने पुष्कळ डोकं लढवलं होतं. गोंडोल्याबरोबर त्यांचाही चुराडा झाला.

विश्वकिरण म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर सतत येणारे, अफाट ऊर्जेचे कण. ते आहेत हे ऑस्ट्रियाच्या व्हिक्टर हेस यांनी १९१२ साली बलूनमधून पाच किलोमीटरहून वर जाऊन दाखवलं. पण जमिनीवर बसून त्यांचा अभ्यास करणं अवघड, कारण डोक्यावरची हवा वजनाने दहा मीटर पाण्याच्या थराइतकी भरते. मूळ कण वरच्यावर फुटतात आणि खाली पोचतात ती त्यांची पिल्लावळ. म्हणून या विषयात उंचीला मोल होतं. आणि सोव्हिएत संघात उंची कोणाकडे होती? लष्कराकडे, विमानदलाकडे, पुढे क्षेपणास्त्रवाल्यांकडे. शास्त्रज्ञांना आपली पेटी त्यांच्याच वाहनात कुठेतरी कोपऱ्यात बसवून घ्यावी लागे. पेटी वर जाई. आत मोजलेले आकडे खाली येणं, वाचले जाणं आणि जगाला सांगितले जाणं हीच या साऱ्या इतिहासातली खरी अडचण ठरली.

सुरुवात मात्र तळमजल्यावरचीच होती. लेनिनग्राडमध्ये दिमित्री स्कोबेल्त्सिन १९२०च्या दशकात गॅमा किरणांवर काम करत होते. विल्सनची बाष्पकोठी, म्हणजे वाफेने भरलेली काचेची डबी, त्यांनी चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ठेवली. विद्युतभारित कण तिच्यातून गेला की त्याच्या वाटेवर थेंबांची रेघ उमटते, आणि चुंबकामुळे ती रेघ वाकते. ऊर्जा जितकी जास्त तितकं वाकणं कमी. १९२७च्या सुमारास त्यांच्या छायाचित्रांत काही रेघा जवळजवळ सरळ निघाल्या. कोणत्याही किरणोत्सारी पदार्थातून एवढ्या ऊर्जेचे कण निघणं शक्य नव्हतं. विश्वकिरणांतल्या कणांच्या वाटा माणसाला अशा पहिल्यांदा दिसल्या. १९२९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि युरोपातल्या प्रयोगशाळांनी लगेच तेच तंत्र उचललं.

उंचीवरचे आकडे माणसाशिवाय खाली आणण्याची युक्तीही लेनिनग्राडजवळच सापडली होती. पावेल मोल्चानोव या हवामानशास्त्रज्ञाने पाव्लोव्स्कहून एका छोट्या बलूनला तापमान-दाब मोजणारी यंत्रं आणि रेडिओ प्रक्षेपक बांधून सोडला. तारीख होती ३० जानेवारी १९३०. म्हणजे तीन माणसांचा बळी जाण्याच्या बरोबर चार वर्षं आधी, माणूस वर न पाठवताही काम होतं हे सिद्ध झालं होतं! पण रबरी फुग्याला कोण सलामी देणार?

ही वाट धरली सेर्गेई वेर्नोव यांनी. ते उसिस्किनच्याच वयाचे, दोघांचाही जन्म १९१०चा. १९३५ साली वेर्नोव यांनी कण मोजणाऱ्या गायगर नळ्या, बॅटऱ्या आणि प्रक्षेपक छोट्या बलूनला बांधले आणि स्थितांबरातले विश्वकिरणांचे आकडे रेडिओवरून जमिनीवर ऐकले. त्याच वर्षी जूनमध्ये माणसं घेऊन गेलेल्या ‘यूएसएसआर-१ बिस’ बलूनमधून प्राध्यापक अलेक्सांद्र वेरिगो यांना हवाई छत्रीने उडी मारून जीव वाचवावा लागला होता. वेरिगोही विश्वकिरणांसाठीच वर गेले होते. त्यानंतर कोणती पद्धत टिकणार हे वेगळं सांगायला नको.

वेर्नोव यांनी लेनिनग्राड आणि येरेव्हानहून बलून सोडले. मग १९३७ साली जहाजाने हिंदी महासागरात विषुववृत्तापर्यंत जाऊन तिथूनही सोडले. पृथ्वीचं चुंबकत्व विषुववृत्ताजवळ विद्युतभारित कणांना सर्वांत जास्त अडवतं, ध्रुवांकडे त्यांना वाट मोकळी असते. तेव्हा विश्वकिरण जर भारित कण असतील तर विषुववृत्तावर ते कमी भरायला हवेत. समुद्रसपाटीवर हा फरक अगदी थोडा दिसे, कारण तिथे पिल्लावळ मोजली जाते. वेर्नोव यांना तो स्थितांबरात भरपूर मोठा मिळाला. वरून येणारं बहुतेक सारं भारित कणांच्या रूपात येतं, हा निष्कर्ष पक्का झाला आणि त्यावर १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

सूर्याचा अभ्यास करणाऱ्यांवर मात्र १९३७ हे वर्ष काळ बनून आलं. १९ जून १९३६च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा सोव्हिएत भूमीवरून गेला होता. पुल्कोवो वेधशाळेचे संचालक बोरिस गेरासिमोविच यांनी त्यासाठी देशी-विदेशी मोहिमांची मोठी जमवाजमव केली. वर्षभरात पुल्कोवोच्या खगोलशास्त्रज्ञांची धरपकड सुरू झाली आणि नोव्हेंबर १९३७मध्ये गेरासिमोविच यांना गोळ्या घातल्या गेल्या. परदेशी शास्त्रज्ञांशी पत्रव्यवहार असणं हीच तेव्हा संशयाला पुरेशी गोष्ट होती.

दहा वर्षांनी, २० मे १९४७च्या ग्रहणासाठी, ‘ग्रिबोयेदोव’ हे सोव्हिएत जहाज ब्राझीलला गेलं. या मोहिमेची गंमत अशी की दुर्बिणी घेऊन किनाऱ्यापासून आत गेलेल्यांच्या नशिबी ढग आले, पण जहाजाच्या डेकवर रेडिओ अँटेना बसवून थांबलेल्या सेम्योन खायकिन यांच्या गटाला ढगांचं सोयरसुतक नव्हतं. अँटेना डेकला जखडलेली, त्यामुळे ती सूर्याच्या दिशेला वळवायची तर जहाजच वळवायचं. चंद्राने सूर्याची तबकडी पूर्ण झाकली तेव्हा दीड मीटर तरंगलांबीवरचा रेडिओ संदेश शून्यावर यायला हवा होता. तो सुमारे ४० टक्क्यांवरच थांबला. म्हणजे या लहरी तबकडीतून येत नव्हत्या, तिच्याभोवतीच्या तप्त करोनातून येत होत्या. विताली गिन्झबुर्ग आणि इओसिफ श्क्लोव्स्की यांनी आदल्याच वर्षी कागदावर हेच मांडलं होतं.

युद्धकाळात आणि नंतर विश्वकिरणवाले डोंगरांवर चढले. पामीरच्या पठारावर, मुर्गाबजवळ ३८६० मीटर उंचीवर, मॉस्कोच्या लेबेदेव संस्थेने १९४४पासून तळ ठोकला. उजाड वैराण मुलूख, विरळ हवा, रात्री हाडं गोठवणारी थंडी आणि उघड्यावर मांडलेल्या गायगर नळ्यांच्या रांगा. एखादा प्रचंड ऊर्जेचा कण वातावरणात फुटला की दूरदूरच्या नळ्या एकाच क्षणी वाजत. या कण-वर्षावांचं गणित १९३७ साली आपल्या मुंबईच्या होमी भाभांनी वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर मांडलं होतं: इलेक्ट्रॉनमधून प्रकाशकण, प्रकाशकणांतून पुन्हा इलेक्ट्रॉनांच्या जोड्या, अशी वाढत जाणारी शृंखला. पामीरवर दोब्रोतिन आणि झात्सेपिन यांना दिसलं की मोठ्या वर्षावाचा कणा एवढ्यावर उभा राहत नाही. मूळ कण हवेतल्या अणुकेंद्रांवर एकामागून एक आपटत खाली येतो आणि इलेक्ट्रॉनांची शृंखला त्या आपटण्यांतून ठिकठिकाणी फुटते. भाभांचं गणित चुकलं नव्हतं, ते या मोठ्या चित्राचा एक भाग ठरलं.

आर्मेनियातल्या अरागात्स पर्वतावर याच काळात उलटी गोष्ट घडली. आर्तेम अलिखान्यान आणि अब्राम अलिखानोव हे सख्खे भाऊ. त्यांना आपल्या उपकरणांत वेगवेगळ्या वस्तुमानांचे नवे कण डझनांनी दिसू लागले. त्यांनी त्यांना ‘वॅरिट्रॉन’ म्हटलं, स्टालिन पारितोषिक मिळालं, आणि काही वर्षांतच त्यातले बहुतेक कण अस्तित्वातच नाहीत असं निष्पन्न झालं. पारितोषिकाने सरकारी शिक्का बसलेल्या शोधावर शंका घेणं तेव्हा सोपं नव्हतं. तरी सोव्हिएत शास्त्रज्ञांनीच ती घेतली आणि धसास लावली, हे त्यांच्या पदरात टाकायलाच हवं. अरागात्सचं केंद्र मात्र टिकलं आणि पुढे भक्कम काम करत राहिलं.

मग क्षेपणास्त्रं आली. १९४७च्या शरद ऋतूत कापुस्तिन यार इथून जर्मन व्ही-२ क्षेपणास्त्रांच्या चाचण्या झाल्या तेव्हा वेर्नोव आणि त्यांचे तरुण सहकारी अलेक्सांद्र चुदाकोव यांनी त्यांत आपले गणक बसवले. दहा वर्षांनी उपग्रहाची वेळ आली.

स्पुतनिक-१ मध्ये त्यांना जागा मिळाली नाही. स्पुतनिक-२ घाईघाईत तयार झाला, कारण ७ नोव्हेंबर १९५७ला क्रांतीचा चाळिसावा वाढदिवस होता. ३ नोव्हेंबरला तो गेला. जगाचं सारं लक्ष आतल्या लायका या कुत्रीकडे होतं आणि बाहेरच्या बाजूला वेर्नोव यांच्या दोन गायगर नळ्या निमूटपणे कण मोजत होत्या. उपग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार होती. ती सोव्हिएत भूमीवर खालून, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जाई आणि दक्षिण गोलार्धावर सोळाशे किलोमीटरच्या वर चढे. आकडे साठवून ठेवायची सोय उपग्रहात नव्हती. तो ज्या क्षणी जिथे असेल तिथले आकडे त्याच क्षणी खाली सोडायचा, आणि ऐकणारी केंद्रं फक्त सोव्हिएत संघात. म्हणजे खालच्या उंचीवरचेच आकडे मॉस्कोला मिळत होते. ७ नोव्हेंबरला उत्तरेकडच्या अक्षांशांवर गणती एकाएकी वाढलेली दिसली. वेर्नोव यांच्या गटाने तिचा संबंध सूर्याशी जोडला.

उंचीवरचे आकडे कोणीच ऐकले नाहीत असं नाही. ऑस्ट्रेलियात ते टेपवर घेतले गेले होते. पण सांकेतिक लिपीची किल्ली सोव्हिएत बाजूने दिली नाही, आणि किल्लीवाचून त्या टेपा म्हणजे नुसती खरखर. अवकाशशास्त्रातला एक मोठा शोध ऑस्ट्रेलियातल्या कपाटात पडून राहिला.

इकडे अमेरिकेने ३१ जानेवारी १९५८ला एक्सप्लोरर-१ सोडला. त्याचं वजन जेमतेम १४ किलो, म्हणजे स्पुतनिकांपुढे खेळणंच. त्यातली जेम्स व्हॅन ॲलन यांची गायगर नळी उंचावर गेली की चक्क गप्प बसे. मार्चमध्ये गेलेल्या एक्सप्लोरर-३ मध्ये इवलासा टेपरेकॉर्डर होता आणि तो चालला. पूर्ण कक्षेचे आकडे हाती आल्यावर उलगडा झाला: नळी गप्प बसत होती ती कण नसल्यामुळे नाही, इतके कण येत होते की तिला मोजायला उसंत मिळत नव्हती. १ मे १९५८ला व्हॅन ॲलन यांनी जाहीर केलं की पृथ्वीच्या चुंबकत्वाने पकडून ठेवलेल्या कणांचा एक पट्टा आपल्याभोवती आहे.

दोन आठवड्यांनी, १५ मेला, १३२७ किलोचा स्पुतनिक-३ वर गेला. उपकरणांनी खचाखच भरलेली ती एक प्रयोगशाळाच होती, आणि या वेळी आत टेपरेकॉर्डरही होता. तो उड्डाणाआधीच्या तपासणीत कुरकुरत होता. तपासणीच्या खोलीतल्या विद्युत गोंगाटामुळे तसं होत असेल, असं म्हणून उड्डाण पुढे रेटलं गेलं. वर गेल्यावर टेपरेकॉर्डर बिघडलेलाच निघाला. पुन्हा तेच: फक्त डोक्यावरून जातानाचे आकडे. तरी सौर घटांवर चालणारा ‘मायाक’ हा छोटा प्रक्षेपक वेर्नोव-चुदाकोव यांच्या गणकाची खबर देत राहिला. तिच्यावरून त्यांनी दुसरा, बाहेरचा पट्टा ओळखला. हा पट्टा मुख्यतः इलेक्ट्रॉनांचा, आणि उत्तरेकडच्या अक्षांशांवर तो पृथ्वीच्या बराच जवळ येतो. सोव्हिएत केंद्रांना तो दिसला हे भूगोलाला धरूनच झालं. ७ नोव्हेंबर १९५७च्या त्या वाढीतही या पट्ट्याचाच हात होता, हे नंतर ध्यानात आलं.

१९८४ साली अलेक्झांडर डेसलर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने ‘सायन्स’ नियतकालिकात या प्रकरणावर लिहिलं. शीर्षकाचा आशय असा की हा वेर्नोव पट्टा झाला असता, थोडक्यात हुकला. वेर्नोव तेव्हा हयात नव्हते, १९८२ सालीच ते गेले होते. आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत दोन्ही पट्टे व्हॅन ॲलन यांच्या नावाने आहेत. हा अन्याय म्हणावा का? आतल्या पट्ट्याबाबत नाही. व्हॅन ॲलन यांनी पूर्ण कक्षेचे आकडे मिळवले, अर्थ लावला आणि उघडपणे सांगितला. किल्ली न देणाऱ्या यंत्रणेला दुसऱ्याच्या नावाबद्दल तक्रार करता येत नाही. मात्र ती यंत्रणा वेर्नोव नव्हते, त्यांनी फक्त तिची किंमत मोजली.

कोन्स्तान्तिन ग्रिनगाउझ यांची गोष्ट याच जातीची. मूळचे रेडिओतले माणूस, स्पुतनिक-१ च्या प्रक्षेपकामागे त्यांचा हात होता. १९५९ साली लूना-१ आणि लूना-२ या चांद्रयानांवर त्यांनी आयन पकडणारे सापळे बसवले. सूर्यापासून भारित कणांचा वारा अखंड वाहतो, असं युजीन पार्कर यांनी १९५८ साली मांडलं होतं आणि अनेकांनी ते उडवून लावलं होतं. तो वारा मोजायचा तर एक मोठी खोट आड येते: सूर्यप्रकाश सापळ्याच्या धातूवर पडला की त्यातून इलेक्ट्रॉन उडतात आणि खरी मोजणी त्यात बुडून जाते. ग्रिनगाउझ यांनी सापळ्यात ऋणभारित जाळी बसवून त्या इलेक्ट्रॉनांना जागच्या जागी परतवलं. सौरवात पहिल्यांदा प्रत्यक्ष मोजला गेला तो या जाळीमुळे. तरी पाश्चात्त्य पुस्तकांत पुष्कळदा १९६२च्या अमेरिकी मरीनर-२ चंच नाव पुढे येतं. मरीनरने महिनोन्‌महिने मोजणी केली आणि वाऱ्याच्या अखंडपणाबद्दल शंका ठेवली नाही, हे खरं. पण पहिला मान ग्रिनगाउझ यांचाच.

वाहन लष्कराचं, पेटी शास्त्रज्ञांची, या नात्याने एकदा उलटा परिणामही केला. व्लादिमीर चेलोमेई यांचं प्रचंड यूआर-५०० क्षेपणास्त्र महाबाँब वाहण्यासाठी आखलेलं होतं. १९६५ साली त्याच्या पहिल्या उड्डाणांत वर काय पाठवायचं हा प्रश्न होता, आणि नाऊम ग्रिगोरोव यांच्याकडे उत्तर तयार होतं: पोलाद आणि गणक यांचे थर रचून केलेला, विश्वकिरणांची ऊर्जा मोजणारा टनावारी वजनाचा ऊर्जामापक. उपग्रहाचं नाव ‘प्रोटॉन’ ठेवलं. १९६८चा प्रोटॉन-४ तर सुमारे १७ टनांचा होता. बाँब बाजूला राहिला आणि उपग्रहाचं नाव रॉकेटलाच चिकटलं. पुढे मीर अवकाशस्थानकाचे भाग वाहून नेणारं प्रोटॉन रॉकेट ते हेच.

झात्सेपिन आणि चुदाकोव पुढे उंची सोडून डोंगराच्या पोटात गेले. कॉकेशसमधल्या बाक्सान खोऱ्यात, आंदिर्ची पर्वताखाली बोगदा खणून न्यूट्रिनो, म्हणजे कशातूनही सहज आरपार जाणारे कण, टिपणारी वेधशाळा उभी राहिली. तिथल्या वस्तीचं नावच नेयत्रिनो. २३ फेब्रुवारी १९८७ला शेजारच्या दीर्घिकेतल्या ताऱ्याच्या स्फोटाचे न्यूट्रिनो पृथ्वीवर आले तेव्हा जपान आणि अमेरिकेबरोबर बाक्साननेही ते टिपले. फक्त बाक्सानच्या घड्याळात ५४ सेकंदांपर्यंतची अनिश्चितता होती!

कापुस्तिन यारशी आपलंही एक नातं आहे. १९ एप्रिल १९७५ला भारताचा पहिला उपग्रह आर्यभट तिथूनच सोव्हिएत रॉकेटवर गेला. त्यातल्या तीन प्रयोगांपैकी सूर्यावरून येणारे न्यूट्रॉन आणि गॅमा किरण शोधण्याचा प्रयोग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा होता. काही दिवसांतच वीजपुरवठ्यातल्या बिघाडामुळे तिन्ही प्रयोग बंद ठेवावे लागले. उपग्रह पुढे चालत राहिला आणि भारतीय अभियंत्यांना त्यावर बरंच शिकता आलं.

या साऱ्या धामधुमीत एक काम कोणाच्या डोळ्यांत न भरता चालू राहिलं. १९५७ साली, आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने, मॉस्कोजवळच्या दोल्गोप्रुद्नी इथून आणि मुर्मान्स्क परिसरातून लेबेदेव संस्थेने रोज एक रबरी फुगा सोडायला सुरुवात केली. फुग्याला एक हलका प्रक्षेपक आणि एकावर एक ठेवलेल्या दोन गायगर नळ्या, मध्ये सात मिलिमीटर ॲल्युमिनियमचा पत्रा. फुगा तीसेक किलोमीटरवर जाऊन फुटतो, तोवर आकडे येत राहतात. १९६३पासून अंटार्क्टिकातल्या मीर्नी तळावरूनही तसेच फुगे जाऊ लागले. अकरा वर्षांच्या सौरचक्रात सूर्य खवळला की विश्वकिरण घटतात आणि तो शांत झाला की वाढतात, हे स्थितांबरात एकाच मापाने दशकानुदशकं मोजलेलं इतकं लांब कोष्टक जगात दुसरं नाही. सोव्हिएत संघ कोसळल्यावर पैसे आटले, रोजचं उड्डाण आठवड्यातून तीनवर आलं, पण क्रम तुटला नाही. स्पुतनिक-२ चे आकडे इतिहासाच्या पुस्तकांत आहेत. दोल्गोप्रुद्नीचे आकडे विमानांना वरच्या उंचीवर किती किरणोत्सर्ग सोसावा लागतो आणि सूर्य कसा बदलतो आहे हे पाहणारे शास्त्रज्ञ अजून वापरतात. सोव्हिएत विश्वकिरण-संशोधनाचं सर्वांत टिकाऊ काम कोणतं असं कोणी विचारलं, तर उत्तर म्हणून हे कोष्टकच पुढे करावं.